पावागड आणि चांपानेर एका दिवसात: आधी डोंगर, मग शहर

वडोदऱ्याहून पावागडला जाणारी बहुतेक मंडळी कालिकामातेचं दर्शन घेतात, माचीवर जेवतात आणि दुपारच्या एसटीने परत फिरतात. ती एसटी ज्या तटबंदीला लागून जाते तिच्या आतलं चांपानेर एकेकाळी गुजरातच्या सुलतानाची राजधानी होतं, याकडे बघायला कुणाला सवड नसते. इतिहासाची आवड असलेल्यांचं नेमकं उलट होतं. ते खालच्या मशिदी बघतात, डोंगराकडे मान वर करून पाहतात आणि गर्दीच्या धास्तीने निघून जातात. दोन्ही एकाच दिवसात आरामात होतं, क्रम तेवढा सांभाळायचा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, त्यातही महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी, हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

जायचं कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. पावसाळ्यात डोंगर देखणा होतो, ढग पायऱ्यांवर उतरतात, पण वारा सुटला की रोपवे थांबतो आणि पायऱ्या शेवाळतात. एप्रिल-मे टाळाच. पंचमहाल जिल्ह्याचं ऊन चाळिशीच्या वर जातं आणि देवळाच्या आवारात अनवाणी उभं राहणं नको होतं.

नवरात्रात पहिल्यांदा जाऊ नका. चैत्र आणि आश्विन ही दोन्ही नवरात्रं इथे मोठी असतात. लाखोंनी लोक येतात, खासगी गाड्या खालीच अडवतात आणि वर फक्त एसटीच्या बस सोडतात. तो माहोल अनुभवायचा असेल तर जरूर जा, पण मग त्या दिवशी शहर विसरा. रविवार, मंगळवार आणि पौर्णिमेलाही गर्दी असते. सोमवार ते शुक्रवारमधला मंगळवार सोडून कुठलाही साधा दिवस धरा.

वडोदऱ्यापर्यंत आणि पुढे

मुंबई-ठाण्याहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे वडोदरा. स्टेशनमधून बाहेर पडलात की एसटीचं मध्यवर्ती स्थानक अगदी शेजारी आहे. तिथून पावागडची थेट बस मिळाली तर उत्तम, नाहीतर हालोलची कुठलीही बस घ्या आणि हालोलहून पावागडला जा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर, वेळ सव्वा ते दीड तास. पाट्या गुजरातीत असतात, पण देवनागरी वाचणाऱ्याला पाच मिनिटांत अंदाज यायला लागतो, आणि वडोदऱ्यात मराठीतून विचारलं तर मराठीतून उत्तर मिळायची शक्यता पुष्कळ. गायकवाडांचं शहर आहे, तिथल्या मराठी वस्तीला पिढ्या उलटल्या आहेत.

स्वतःची गाडी असेल तर हालोलकडून येताना चांपानेरच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला एक छोटी विहीर लागते. तिच्या भिंतीला लागून जेमतेम चार फूट रुंदीचा दगडी जिना गोल फिरत पाण्याकडे उतरतो. गुजरातमधल्या बहुतेक वावा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, सरळ रेषेत खाली जातात, ही मात्र वळसे घेत जाते. सोळाव्या शतकातली आहे. दहा मिनिटं थांबण्याजोगी, आणि ती सकाळीच बघून घ्या, परतीच्या घाईत राहून जाते. बसने येणाऱ्यांनी हिच्या मागे लागू नये.

पायथा ते माची

बस चांपानेर गावात सोडते. इथे न रेंगाळता माचीची बस किंवा वडाप जीप पकडायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी ती लवकर भरते, म्हणून सकाळी लवकर या. घाटाचा रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजांना धरून वर चढतो. पहिला अटक दरवाजा, मग बुढिया दरवाजा, आणि पुढे एका वळणावर पिवळसर दगडाच्या कमानींची रांग, सात कमान. आत्ता फक्त बघून ठेवा, उतरताना तिथे यायचं आहे.

माची म्हणजे डोंगराच्या मधोमध असलेलं सपाट पठार. राजगड पाहिलेल्याला माची म्हणजे काय ते सांगायला नको, मात्र इथल्या माचीवर बाजार भरलेला आहे: चुनऱ्या, कुंकू, नारळ, खेळणी, खमण, गोटे, ताकाचे ग्लास. नाश्ता इथेच करून घ्या. वर गेल्यावर काकडी, लिंबूपाणी आणि बिस्किटं यापलीकडे फारसं काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते महाग असतं.

नारळाबद्दल एक. २०२३ पासून देवस्थानाने सोललेला नारळ वर नेऊ नये असा नियम केला आहे. शेंडीसह अख्खा न्यायचा, देवीपुढे ठेवायचा आणि घरी परत न्यायचा. माचीवरचे दुकानदार तो सोलून द्यायची तयारी दाखवू शकतात, त्यांना नको म्हणा. आणि प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका. इथले लंगूर अंगावर येत नाहीत, पण पिशवी ओळखतात. पाठपिशवीत, चेन लावून.

रोपवे की पायऱ्या

माचीहून रोपवे आहे, १९८६ पासून. गुजरातीत सगळे त्याला उडनखटोला म्हणतात. पाच-सहा मिनिटांत वर पोचवतो. माझं मत विचाराल तर जाताना रोपवे, येताना पायऱ्या. चढताना दम आणि वेळ दोन्ही वाचतं, देवळात लवकर पोचता येतं, आणि बघण्यासारखं जे काही वाटेत आहे ते उतरताना सावकाश बघता येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र दोन्ही बाजूंचं तिकीट काढावं. उतरण चढणीपेक्षा गुडघ्यांना जास्त जड जाते, हे गड हिंडणाऱ्यांना ठाऊक असतंच.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर आधीच सांगून ठेवा की रोपवे देवळाच्या दारात सोडत नाही. वरच्या स्टेशनपासून अजून अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या रुंद आणि बांधीव आहेत, मध्ये टेकायला जागा आहे, पण आहेत. "रोपवे आहे ना, मग काय" असं म्हणून आणलेल्या आजी मग वरच्या स्टेशनवरून हात जोडून परत जातात.

मंदिर

पावागडचं कालिकामंदिर शक्तिपीठ मानलं जातं. सतीच्या उजव्या पायाचं बोट इथे पडलं अशी श्रद्धा आहे. गाभाऱ्यात तीन रूपं आहेत. मधोमध कालिकामाता, तिचा शेंदरी मुखवटाच काय तो दिसतो, मोठे डोळे आणि मुकुट. एका बाजूला महाकाली, दुसऱ्या बाजूला बहुचरामाता. रांग हलत असते, तिथे थांबू देत नाहीत, तेव्हा ओटी, चुनरी, जे काही असेल ते आधीच हातात काढून ठेवा.

आता जे देऊळ दिसतं ते बरंचसं नव्याने बांधलेलं आहे. पूर्वी शिखर नव्हतंच, वरच्या बाजूला सदनशाह पिराचा दर्गा होता. तो सामोपचाराने बाजूला हलवला गेला, शिखर उभं राहिलं आणि १८ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथे ध्वज चढला. जुने फोटो पाहून गेलात तर जागा ओळखू येणार नाही.

देवळाच्या कट्ट्यावरून खाली बघा. झाडीत बुडालेली तटबंदी, तिच्यात मधूनमधून डोकं काढणारे घुमट आणि मिनार, पलीकडे वडा तलावाचं पाणी. दुपारी जिथे फिरायचं आहे त्याचा आख्खा नकाशा इथून मिळतो. दोन उंच मिनार दिसले की ती जामी मशीद. एवढं लक्षात ठेवलंत तर खाली रस्ता विचारावा लागणार नाही.

उतरताना

वरच्या रोपवे स्टेशनच्या परिसरात दोन गोष्टी आहेत ज्यांकडे दर्शनाची गर्दी पाठ फिरवते.

एक म्हणजे लकुलीशाचं मंदिर, तलावाच्या काठावर. दहाव्या-अकराव्या शतकातलं, डोंगरावरचं सगळ्यात जुनं देऊळ. छप्पर आणि मंडप बरेच पडलेत, पण भिंतींवरच्या मूर्ती जागेवर आहेत. लकुलीश म्हणजे पाशुपत या शैव पंथाचा आचार्य; त्याचं स्थान मानलं जाणारं कायावरोहण गाव वडोदरा जिल्ह्यातच आहे. हातात दंड घेतलेली बैठी मूर्ती शोधा, सापडते.

दुसरी म्हणजे जैन मंदिरं. दिगंबर जैनांसाठी पावागड सिद्धक्षेत्र आहे. लव-कुशांना इथे मोक्ष मिळाला असं ते मानतात. म्हणजे देवीचे भक्त, शैव, जैन आणि पिराचे मुरीद, सगळ्यांनी एकाच डोंगरावर जागा धरली आहे.

वेळ आणि पाय असतील तर मौलिया पठाराच्या कडेला नवलाख कोठार आहे, दरीच्या टोकावर घुमटी छपरांच्या कोठारांची ओळ. धान्य साठवायची जागा. सुलतानाच्या वेढ्यात डोंगर एवढा काळ कसा लढला, याचं अर्धं उत्तर या कोठारांत आहे आणि उरलेलं अर्धं वाटेत दिसणाऱ्या तलावांत: दुधिया, तेलिया, छासिया. नावं अशी की दूध, तेल आणि ताक.

खडकाकडेही एकदा बघा. पायथ्याशी आपल्या सह्याद्रीतला काळा बेसॉल्टच आहे. पण माथ्यावर फिकट, तांबूस, पट्टेदार रायोलाईट आहे, जो सह्याद्रीत क्वचितच दिसतो. आणि वडोदऱ्यातून वाहणारी, मगरींसाठी प्रसिद्ध असलेली विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते.

माचीला पोचलात की जेवून घ्या. साधी गुजराती थाळी मिळते. मग जीप न पकडता सात कमानीपर्यंत रस्त्याने चालत उतरा. कमानी दरीच्या कडेवर उभ्या आहेत, आणि एका कमानीतून दुसरी, दुसरीतून तिसरी बघता येते. पायऱ्यांनी पाय बोलत असतील तर सरळ जीपने खाली या. शहरासाठी पाय राखणं जास्त महत्त्वाचं.

थोडा इतिहास, शहरात शिरण्याआधी

इथे खिची चौहानांचं राज्य होतं. शेवटचा राजा जयसिंह, लोककथेतला पताई रावळ. कथा अशी की नवरात्रात देवी स्वतः बाईच्या रूपात गरबा खेळायला आली, राजाने तिचा पदर धरला आणि देवीने राज्य बुडेल असा शाप दिला. गुजरातेत हे गरब्याच्या गाण्यांतून पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं.

इतिहासातली हकिकत रुक्ष आहे. सुलतान महमूद बेगड्याने वेढा घातला आणि तो वीस महिने चालला. गड घेतल्याशिवाय हलणार नाही हे दाखवायला त्याने छावणीतच मशिदीचा पाया घातला. १४८४ च्या नोव्हेंबरात गड पडला. महमूदाने अहमदाबाद सोडून इथे राजधानी आणली, नाव ठेवलं मुहम्मदाबाद, आणि पुढची वीसेक वर्षं शहर उभारत राहिला.

ते टिकलं किती? १५३५ मध्ये हुमायूनने गड घेतला. कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून त्याची माणसं रात्री वर चढली. दोन वर्षांनी सुलतान बहादूरशाह दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत मेला, दरबार अहमदाबादला परतला आणि शहर ओस पडत गेलं. पुढे गड शिंद्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, वर्षभराने परत दिला आणि १८५३ मध्ये पंचमहालसकट पुन्हा ताब्यात घेतला. तोवर खाली जंगल माजलं होतं. त्यामुळेच शहर वाचलं असं माझं मत आहे. वस्ती राहिली असती तर दगड एकेक करून घरांच्या भिंतींत गेले असते. १९७० च्या सुमारास वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने रमणलाल मेहतांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि रस्ते, वाडे, बागांतले पाण्याचे पाट उजेडात आले. २००४ मध्ये चांपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत गेलं.

शहर: कुठून सुरुवात

दुपारी अडीच-तीनला तटबंदीत शिरा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट घ्या आणि ते टाकू नका, पुढच्या मशिदींवर दाखवावं लागतं.

पहिली शहर की मशीद, राजवाड्याच्या कोटाच्या आत. पाच कमानी, दोन मिनार, आटोपशीर. इथून कोटाच्या आतून पूर्वेकडे चालत जा. वाटेत मांडवी लागते, खांबांच्या रांगांची खुली इमारत. वडोदऱ्याच्या मधोमध असलेली मांडवी पाहिली असेल तर नाव ओळखीचं वाटेल. कोटाच्या आत आजही छोटं गाव नांदतं आहे. तटाला टेकून गुरं बांधलेली, बुरुजाखाली वाळत घातलेले कपडे. लोकांच्या अंगणातून जातोय हे ध्यानात ठेवून फोटो काढा.

पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडलं की समोर जामी मशीद. दिवसभरात एकाच जागी तासभर द्यायचा असेल तर तो इथे द्या. १५१३ च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत. समोरचे दोन मिनार तीस-तीस मीटर उंच आणि नमाजाच्या दालनाला १७२ खांब. पण आकडे विसरून आत जा आणि मान वर करा. मधला घुमट मजल्यामजल्याने वर चढतो, प्रत्येक मजल्याला कठड्याचं सज्जेदार छज्जं, आणि खालून बघताना खांबांच्या चौकटी एकात एक उघडत जातात. देवळाचा मंडप बांधणाऱ्या हातांनीच ही बांधली आहे, हे कुणी सांगावं लागत नाही: छतातली उमललेली कमळं, मिनाराच्या पायथ्याची कोनाड्यांची नक्षी, वेलबुट्टी. नाही ती फक्त माणसांची आणि प्राण्यांची आकृती. कोनाड्यात जिथे देव बसला असता तिथे वेल कोरलेला आहे.

फोटोची हौस असलेल्यांसाठी: किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, म्हणून दर्शनी भाग पूर्वेकडे. सकाळचं ऊन थेट तोंडावर पडतं, दुपारनंतर मिनार काळे दिसतात. फक्त फोटोसाठीच येणार असाल तर माझा क्रम उलटा करा. बाकीच्यांना दुपार चांगली, कारण आतलं दालन गार असतं आणि पश्चिमेच्या जाळीतून ऊन तिरपं आत येतं.

मशिदीच्या बाहेर अष्टकोनी कुंड आहे, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी बांधलेलं. बघून घ्या, चुकतं.

आणखी काय, आणि काय सोडायचं

इथून पुढे उत्तरेकडे शेतांतून केवडा मशीद आणि त्याच्याही पुढे नगिना मशीद. बहुतेक गाड्या जामीवरून परत फिरतात, त्यामुळे या दोन्ही जवळजवळ रिकाम्या असतात. केवड्याच्या आवारात वेगळी उभी असलेली घुमटी आहे, तिची कोरीव नक्षी बघा. नगिना पांढुरक्या दगडाची, आणि तिच्या बाजूच्या घुमटीचे खांब, त्यांवरची फुलांची कलाकुसर एवढी बारीक आहे की दगड कापडासारखा वाटतो. चालायची तयारी नसेल तर एखादी रिक्षा तासाभरासाठी ठरवा, भाव आधी बोलून घ्या.

लीला गुंबज की मशीद मधल्या घुमटाच्या उभ्या पन्हळींमुळे दुरून ओळखू येते. कमानी मशिदीचं छप्पर गेलं आहे, कमानी तेवढ्या राहिल्या आहेत. एक मिनार की मशिदीचं नाव जे सांगतं तेच तिथे दिसतं. वेळ नसेल तर या तिन्ही सोडा. नगिना सोडू नका.

वडा तलाव संध्याकाळी चांगला, पण गाडी असेल तरच. पावसाळ्यात काही जण पुढे जांबुघोडा अभयारण्य आणि हाथणी धबधबाही जोडतात. ते एका दिवसात कोंबू नका, एक मुक्काम वाढवा.

परत

अंधार पडेपर्यंत थांबू नका. पावागडहून वडोदऱ्याच्या थेट बस संध्याकाळनंतर विरळ होतात. मिळाली नाही तर जीपने हालोल गाठा, तिथून वडोदऱ्याच्या बस उशिरापर्यंत आणि जास्त असतात. रात्रीची मुंबईची गाडी असेल तर बस आणि गाडीच्या वेळेत निदान दोन तास ठेवा, वडोदऱ्याच्या तोंडाशी संध्याकाळी वाहनं तुंबतात. आणि तो अख्खा नारळ पिशवीच्या तळाशी ठेवा, नाहीतर बसच्या रॅकवरून कुणाच्या तरी डोक्यात पडेल.